विवेकरावांची पाहणी

विवेकराव डोंगरात जायचे त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे फोडणी बंद असायची. कामावर निघताना ते मागच्या दाराशी येऊन सांगून जायचे, "मावशी, आज हिंग-मोहरी नको हं. जॅकेटला वास बसतो. हरणाला डोंगरापलीकडून कळतं." मग त्या दिवशी पुढच्या घरात आणि मागच्या घरात मिळमिळीत वरण, भात आणि उकडलेले बटाटे. माझी नात ईशा ताटाकडे बघून विचारायची, "आजी, इज समवन सिक?"

"कोणी आजारी नाही बाई. काका उद्या हरणं बघायला जाणार."

मी चुकून शिकार म्हटलं तर विवेकराव लगेच दुरुस्त करायचे. "शिकार मार्च-एप्रिलला. तेव्हा नर ओरडत फिरतो. आता सप्टेंबर-ऑक्टोबर, इथला स्प्रिंग आहे, आता नुसती पाहणी. कुठे चरतात, कुठे पाणी पितात, कुठल्या वाटेने उतरतात, ते आत्ता बघून ठेवायचं. आधी पाहणी, मग काम."

विवेकराव म्हणजे माझ्या मुलीचे, मनीषाचे, थोरले दीर. ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरात पुढे त्यांचं मोठं घर आणि मागच्या अंगणात दोन खोल्यांचं छोटं घर. त्या छोट्या घरात मनीषा, जावई संदीप, ईशा आणि मी. संदीपला या देशात त्यांनीच आणलं, नोकरीही त्यांच्याच ओळखीने लागली. मनीषा हॉस्पिटलात नर्स. तिच्या ड्युट्या सारख्या बदलतात, म्हणून आमचे हे गेल्यावर मी नातीसाठी इकडे आले. आमच्याकडे मुलीची आई तिच्या सासरच्या माणसांपुढे आवाज चढवत नाही. तशात मी त्यांच्याच अंगणात राहत होते. मी मान खाली घालून असायची आणि विवेकरावांना ते फार सोयीचं होतं.

माणूस ठेंगणा, दणकट, सदा हसरा. पुण्यात इंजिनिअर झालेले आणि बोलण्यात निम्मं इथलं. काहीही सांगा, "स्वीट ॲज, मावशी!", म्हणजे झकास. शेजारच्या गोऱ्याची गवत कापायची मशीन बंद पडली की हातातला घास टाकून जायचे. मला ताप आला होता तेव्हा मनीषा ड्युटीवर होती, तर यांनीच मला उचलून गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. हे मी विसरलेले नाही. त्यांच्याविषयी जे लिहायचं आहे ते लिहिताना हे आधी लिहिलं पाहिजे.

पण त्यांची बोटं. मला आजही विवेकराव आठवले की आधी त्यांची बोटं आठवतात. हरणाची लेंडी दिसली की ते उचलायचे, अंगठा आणि बोटात चिरडायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. अत्तर विकणारा करतो तसं. "कालची आहे. आत अजून ओली आहे. नवं गवत खाल्लंय." आणि तीच बोटं पँटला पुसून माझ्या डब्यातली करंजी उचलायचे. मी एकदा रुमाल पुढे केला, तर म्हणाले, "अहो मावशी, हे नुसतं गवतच असतं!"

लेंड्या ते घरीही आणायचे. वेगवेगळ्या घळींतल्या वेगवेगळ्या ठेवायच्या, कुठल्या बाजूला काय चरतात ते कळतं म्हणे. एकदा सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेल्या श्रीखंडाचा रिकामा डबा त्यांनी त्यासाठी घेतला आणि पुढच्या घराच्या फ्रिजमध्ये ठेवला. ईशा तिकडे खेळायला गेली होती. डबा उघडून माझ्यापाशी घेऊन आली. "आजी, आर दीज चॉकलेट?" एक तिच्या हातात होती, अगदी तोंडाजवळ. मी आयुष्यात लेकराच्या हातावर मारलं नव्हतं, तेव्हा मारलं. रेवती, म्हणजे विवेकरावांची बायको, औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर सगळं मोजून-मापून स्वच्छ करणारी. तिने तो डबा चिमट्याने धरून बाहेरच्या कचऱ्यात टाकला. मला म्हणाली, "मावशी, मी इंजिनिअर बघून लग्न केलं होतं. हा कोण आहे मला माहीत नाही."

विवेकराव संध्याकाळी आले आणि कचऱ्यात हात घालून डबा परत काढला.

पाहणी ते हरणांचीच करायचे असं नाही. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलवर गेलं की ते आधी स्वयंपाकघराचं दार कुठे आहे ते बघायचे. मोदकांचं ताट कुठून बाहेर येणार, तिथे जाऊन उभे. कोणाकडे जेवायला गेलं की त्या घरात कोणाचं चालतं हे त्यांना चपला काढेपर्यंत कळलेलं असायचं, आणि मग त्याच माणसाशी गोड बोलायचे. सगळे हसायचे, मीही हसायची. "माणसाचं पण तसंच असतं मावशी. कुठे पाण्याला येतो तेवढं बघायचं."

मार्गारेटबाईंचं शेत त्यांनी असंच बघून ठेवलं होतं. ऑकलंडपासून बरंच खाली, दक्षिणेला. डोंगर, मेंढ्यांची हिरवी कुरणं आणि शेताच्या मागे जंगलाची खोल घळ. त्या घळीत मोठी हरणं होती, आपल्याकडच्या सांबरासारखी. पण तिथे जाण्याचा रस्ता बाईंच्या फाटकातून आणि बाई कोणालाच आत सोडत नव्हत्या. विवेकराव एकटे गेले तेव्हा त्यांनी फाटकाच्या आतूनच नाही म्हणून सांगितलं.

घरी येऊन ते जेवताना म्हणाले, "एकटीच आहे. दोरीवर कपडे एकाच माणसाचे होते. तेही नीट चिमटे लावून. म्हणजे बाई टापटिपीची आहे, कोणी बोलायला नाही. बाईमाणूस बरोबर असलं की उघडेल." मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही कधी डोंगर बघितला नाही ना इथला? शनिवारी चला. करंज्या करा थोड्या."

मनीषा म्हणाली, "जा आई, तेवढंच फिरणं होईल." मी गेले.

आणि फाटक उघडलं. नऊवारी नाही नेसत मी, साधी पाचवारी, वर स्वेटर, पायात रेवतीचे गमबूट. हातात डबा. मार्गारेटबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, गमबुटांवर नजर थांबली आणि त्यांना हसू आलं. मलाही आलं. विवेकरावांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "माय आन्टी." बाईंनी चहा केला.

मग टेबलाशी विवेकराव आणि त्या बोलत बसले. ईशाचं मोजकं कळायचं, पण मोठ्यांच्या बोलण्यातले मला चारच शब्द कळायचे. येस, नो, थँक्यू, बेबी. बाई बोट वर करून काहीतरी ठासून सांगत होत्या, विवेकराव छातीवर हात ठेवून उत्तर देत होते, मधे हात जोडले, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मावशी, हो म्हणा. मान हलवा." मी मान हलवली. येस, येस. बाईंनी माझा हात हातात घेतला.

रात्री मी विवेकरावांनाच विचारलं की बाई काय म्हणत होत्या. "काही नाही, नियम सांगत होती." मग दुसऱ्या दिवशी संदीपला विचारलं. त्याने भावाला फोन लावून हसत हसत ऐकलं आणि मला सांगितलं. बाईंच्या नवऱ्याचा नियम होता, की पोटुशी मादी या जमिनीवर मारायची नाही. स्प्रिंगमध्ये नुसतं बघायचं, एप्रिलमध्ये एक नर न्यायचा. जंगली शेळ्या हव्या तेवढ्या मारा. "आणि दादाने सांगितलं की आमच्या धर्मात गाभण जनावराला हात लावणं महापाप आहे, ही माझी मावशी रोज त्यांची पूजा करते, विचारा हवं तर. भारी आहे ना दादा!"

म्हणजे मी त्याला येस म्हणून आले होते. पूजेचं खोटं होतं, पण बाकीच्याला माझी ना नव्हती. गाभण जनावराला कोण मारतं? मला वाटलं, बरं झालं, चांगल्या गोष्टीला मान हलली.

त्यानंतर त्या वसंतात आम्ही बऱ्याचदा गेलो. विवेकराव दुर्बीण, पाठीवरची पिशवी आणि शेळ्यांसाठी म्हणून बंदूक घेऊन घळीत उतरायचे. झाडाला कॅमेरे बांधायचे, चिखलात हरणं लोळतात त्या जागा बघायचे, झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या जुन्या खुणा शोधायचे, दरड कोसळलेल्या उतारावर कोवळं गवत उगवतं तिथे दबून बसायचे. मी मार्गारेटबाईंपाशी. आम्ही दोघी मटार सोलायचो. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी माझ्या. त्यांनी नवऱ्याचा फोटो दाखवला, मी यांचा दाखवला. त्यांनी बोट आकाशाकडे केलं, मीही केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा उतार दिसायचा आणि दुपार कलली की तिथे माद्या चरायला यायच्या. एकीचा कान फाटलेला होता. ती आली की बाई काम टाकून उभ्या राहायच्या आणि मला हाक मारायच्या. पोटं खाली आलेली, चालणं जड. बाई म्हणायच्या, "बेबी," आणि डिसेंबर म्हणून बोटाने कॅलेंडर दाखवायच्या. या देशात येऊन मला मुलीच्या घराबाहेर मिळालेली ती एकच जागा होती.

माझा डबा त्यांनी कधी रिकामा परत दिला नाही. लिंबं, अंडी, एकदा लोकरीचे मोजे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आमच्याकडेही तसंच करतात.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही मटार सोलत असताना घळीतून बंदुकीचा आवाज आला. बाईंनी मान वर केली. बऱ्याच वेळाने विवेकराव आले, दारातच बूट काढून, हात धुऊन. "गोट, मार्गारेट. बिग गोट." बाई म्हणाल्या, "गुड." मी चहाचे कप विसळले. निघताना बाईंनी डबा धुवायला ठेवून घेतला, पुढच्या वेळी देते म्हणून खूण केली.

पण विवेकरावांनी गाडी मोठ्या फाटकाकडे घेतली नाही. मेंढ्यांच्या वाटेने मागे, घळीच्या तोंडाशी नेली. "मावशी, पाच मिनिटं. तिथलं फाटक उघडता का? शेळी डिकीत टाकतो."

मी उतरले, फाटक उघडलं. ओहळाच्या काठी, झुडपाखाली ती पडली होती. शेळी नव्हती. कान मी बघितला नाही. बघायचं धाडस झालं नाही, म्हणून फाटक्या कानाची हरणी तीच होती का, ते अजून माहीत नाही. विवेकराव बाह्या सरसावून खाली बसले आणि पोटात सुरी घातली. सगळं एकदम बाहेर आलं, वाफ निघाली, आणि त्यात एक निळसर पिशवी होती. त्यांनी ती कापली. आत पिल्लू होतं. पूर्ण. ओल्या केसांचं, पाठीवर पांढरे ठिपके, खूर मऊ, पिवळे. डोळे मिटलेले.

"अरेरे," ते म्हणाले. एकदाच. मग पिल्लाला मागच्या पायांनी धरून उचललं. "केवढं झालं होतं बघा! ठिपके बघा मावशी, हीप्स, ढीगभर!" डाव्या हाताने मोबाइल काढला आणि त्याचा फोटो घेतला. आणि मग ते ओहळापलीकडच्या झुडपात भिरकावून दिलं, केळीचं साल टाकावं तसं.

मी फाटकाला धरून उभी होते. म्हटलं, "विवेकराव, तुम्हाला दिसलं नाही ती गाभण आहे?"

"दिसलं की. चार आठवडे कॅमेऱ्यात तीच बघतोय." सुरी गवताला पुसत ते अगदी सहज बोलत होते. "ऑफिसच्या लोकांना जेवायला बोलावलंय. नराचं मांस आत्ता रबरासारखं लागतं. ही तरणी होती, कोवळी. एप्रिलपर्यंत कोण थांबतो? आणि मावशी, शेळी हं. मार्गारेटला शेळी सांगितलंय, मनीषाला पण शेळीच."

"आपण त्यांना शब्द दिला होता."

"तुम्ही दिला," ते हसले. "मी तर नुसतं भाषांतर करत होतो."

ते जनावर डिकीत ओढायला लागले. मी गाडीत बसले नाही. फाटक लावून घेतलं आणि बाईंच्या घराच्या दिशेने चालायला लागले. रेवतीचे गमबूट मला मोठे होतात, चिखलात निघून यायचे. मेंढ्या बाजूला होत होत्या. थोड्या वेळाने मागून गाडी आली, माझ्या चालीने, खिडकीची काच खाली.

"मावशी, बसा ना. पाय दुखतील."

मी चालत राहिले.

"अहो काय हे? मेंढरांपुढे तमाशा! बसा, रस्त्यात आइस्क्रीम घेऊ."

मी चिखलात अडकलेला बूट ओढून काढला आणि पुढे निघाले.

"बरं, चुकलं माझं. झालं? आता बसा." मग जरा वेळाने, आवाज तसाच गोड, "मावशी, संदीप कोणाच्या मागच्या अंगणात राहतो, ते लक्षात आहे ना? मनीषाचा विचार करा. मुलीची आई आहात तुम्ही."

माझे पाय तिथे थांबले. हे मला मान्य केलं पाहिजे. मी थांबले, गाडी थांबली, त्यांनी आतून दार उघडलं. सीटवर त्यांचा हात होता, नखांत रक्त, आणि त्या हाताने ते सीटवर थोपटत होते, लहान मुलाला बोलावतात तसं. मला त्या हाताशेजारी बसवेना. एवढंच. मी धाडसी वगैरे नाही, मला किळस आली म्हणून मी चालले.

मार्गारेटबाई ओट्याशी माझा डबा पुसत होत्या. मला बघून हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. मी घळीकडे बोट केलं. "नो गोट," म्हटलं. मग माझ्या पोटावर हात ठेवला, बाळंतपणाला आलेल्या बाईचं असतं एवढं पोट हाताने दाखवलं. "मदर. बेबी." आणि विवेकरावांकडे बोट केलं, ते मागे दारात येऊन उभे होते.

विवेकराव हसत हसत काहीतरी बोलायला लागले. बाईंनी ऐकलं नाही. त्या गमबूट घालून बाहेर गेल्या, गाडीची डिकी उघडली आणि बघितलं. मग डिकी हळू लावली, आत झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये तशी. विवेकरावांना त्या एवढंच म्हणाल्या की कॅमेरे काढून घेऊन जा. तेवढं इंग्रजी मला तेव्हा आपोआप कळलं.

मग घरात जाऊन माझा डबा घेऊन आल्या. माझ्या हातात दिला. धुतलेला, पुसलेला, झाकण लावलेला, रिकामा. माझ्या हाताला त्यांची बोटं लागली पण त्यांनी हात धरला नाही. त्या माझ्यावरही रागावल्या होत्या का, की त्यांना काही सुचलं नाही, ते मला कधी कळणार नाही. पुन्हा तिकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

परत येताना मला वाटलं विवेकराव चिडतील, ओरडतील. त्यांनी रेडिओ लावला. मग पेट्रोल भरायला थांबले आणि माझ्यासाठी कॉफी घेऊन आले, साखर बरोबर दोन चमचे घातलेली. त्यांना चिडता येत नव्हतं आणि लाजताही येत नव्हतं.

घरी त्यांनी लपवलंसुद्धा नाही. रात्री जेवताना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मी कशी बूट सांभाळत चालत होते, मेंढ्या कशा बघत होत्या, मी पोटाची खूण कशी केली, ते उठून करून दाखवलं. "मी हरणाच्या मागे आणि मावशी माझ्या मागे! माझीच शिकार केली मावशींनी!" संदीप हसला. ईशा हसली, तिला काही न कळता. रेवती ताट घेऊन उठली. मनीषा हसली नाही, पण रात्री मला हळूच म्हणाली, "आई, तू कशाला बोललीस? आपल्याला इथे राहायचंय." मी म्हटलं, "तू बघितलं असतंस तर बोलली असतीस." ती बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. तिने तोंड फिरवलं आणि बराच वेळ पाठमोरी पडून राहिली. तिला झोप लागली नव्हती.

ऑफिसच्या लोकांचं जेवण झालं. त्या रविवारी मसाला मी वाटून द्यावा असा निरोप आला. मी डोकं दुखतंय असं सांगितलं. अंगणापलीकडून हसण्याचे आवाज येत होते, सगळ्यांत मोठा त्यांचा. पुढच्या घरातून मांस शिजल्याचा वास आला तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या आणि कढईत तेल, मोहरी, भरपूर हिंग टाकला.

त्यानंतर काही महिन्यांनी मनीषाने सँडरिंगहॅमच्या बाजूला भाड्याचं घर बघितलं. हॉस्पिटल जवळ पडतं, असं तिने संदीपला कारण दिलं. मला तिने दुसरं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी विवेकराव सकाळीच हजर. भाड्याचा ट्रक त्यांनीच आणला. कपाट संदीपला हलेना, ते यांनी एकट्याने पाठीवर घेतलं. ईशाला खोक्यात बसवून अंगणभर ढकललं, ती किंचाळून हसत होती. असा माणूस. सामान चढल्यावर घाम पुसत माझ्यापाशी आले.

"चला मावशी, आता आशीर्वाद द्या. उत्तरेला नवीन जमीन बघून ठेवली आहे. म्हातारा आहे, एकटाच असतो. मुलगी दूर असते त्याची." आणि नमस्काराला वाकले.

मी पाय मागे घेतले.

माझ्या मुलीच्या थोरल्या दिरापुढे मी असं काही करीन, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांची बोटं गवतावर टेकली. संदीपने बघितलं, मनीषाने बघितलं, दारात उभ्या रेवतीने बघितलं. मी वळून गाडीत जाऊन बसले.

गाडी अंगणातून बाहेर निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. विवेकराव अजून वाकलेलेच होते. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवावं, तर पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला होत्या. म्हणून ते एका हाताने गवत बाजूला करून खाली जमिनीकडे बघत होते, तिथे काहीतरी पडलं आहे असं दाखवत, आणि आम्ही वळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.